प्रतिसाद: पाठदुखीसाठी गांजाच्या गमी

पाठदुखीसाठी गांजाची गमी (चघळायची मऊ गोळी) खाऊन अर्ध्या तासात काहीच जाणवेना, म्हणून तुमच्या नवऱ्याने दुसरी खाल्ली असं तुम्ही वर लिहिलंय, तिथेच गोची झाली. पोटात गेलेला गांजा यकृतातून फिरून येतो, चढायला कधी दोन तासही लागतात आणि मग तो लवकर उतरत नाही. इथे कॅलिफोर्नियात एका मात्रेला १० मिग्रॅ टीएचसीची (गांजातला नशा आणणारा घटक) मर्यादा आहे, पण नवख्याला तेही भारी. बायकोच्या कमरेसाठी आम्ही सुरीने गमीचे चार तुकडे करतो, रात्री जेवणानंतर एकच तुकडा. दुखणं जात नाही हो! फक्त कूस बदलताना कण्हत नाही, झोप लागते. गाबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गुंगी वाढते. आणि भारतात जाताना गमींची डबी घरीच ठेवा. होळीला भांग चालते म्हणून कस्टमवाले हे सोडणार नाहीत.