चर्चा: लँकेस्टर बॉम्बरचे टरेट काढून टाकायला हवे होते का?

आकडेमोड

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधून सुमारे 1,25,000 जण उडाले, त्यांतले 55,573 मेले. हे नुकसान कमी करता आलं असतं का, यावर एक जुना वाद आहे. तो इथे नीट लढवूया.

1943 च्या उन्हाळ्यात 19 वर्षांचा गणिती फ्रीमन डायसन बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात रुजू झाला. त्या विभागातून एक सूचना पुढे आली: लँकेस्टर या चार इंजिनी ब्रिटिश बॉम्बरचे दोन टरेट (बंदुकांचे फिरते घुमट) त्यांच्या यंत्रणेसकट आणि गोळ्यांसकट काढा, माणसं सातावरून पाचावर आणा. डायसनच्या मते त्यामुळे वेग ताशी 50 मैलांनी वाढला असता. वरिष्ठांनी ती मानली नाही. माझं मत: मानायला हवी होती.

लँकेस्टरवर .303 च्या ब्राउनिंग मशीनगन होत्या: नाकात दोन, पाठीवर दोन, शेपटीत चार. ही रायफलच्या मापाची गोळी. समोर 20 मिमीच्या तोफा घेऊन येणारं जर्मन नाइट फायटर, म्हणजे रात्रीचं लढाऊ विमान. ऑगस्ट 1943 मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडेवरच्या ब्रिटिश हल्ल्यात जर्मनांनी नवी मांडणी पहिल्यांदा वापरली: मेसरश्मिट 110 च्या पाठीत तिरक्या, वरच्या दिशेने रोखलेल्या दोन तोफा. नाव 'श्रेगे मुझीक'. फायटर पोटाखाली सावकाश सरकायचं आणि दोन इंजिनांच्या मधल्या पंखावर नेम धरायचं. तिथे 383 गॅलनची इंधनटाकी असते. बॉम्बकक्षावर मुद्दाम मारायचे नाहीत, कारण चार हजार पौंडांचा 'कुकी' बॉम्ब फुटला तर फायटरही जाणार. लँकेस्टरच्या एकाही टरेटमधून ती जागा दिसत नाही.

मग दोन माणसं आणि त्यांची सगळी सामग्री कशासाठी वाहायची?

शेपटीचा_पहारा

ठाम विरोध. तुम्ही गनरला गोळ्या झाडणारा माणूस समजताय. त्याचं पहिलं काम पाहणं आहे.

अंधाऱ्या रात्री फायटर काहीशे यार्डांवर आल्याशिवाय दिसत नाही. दिसलं की गनर इंटरकॉमवर ओरडतो, 'कॉर्कस्क्रू पोर्ट, गो!' (डावीकडे मळसूत्री वळण घे!) हल्ला ज्या बाजूने, त्याच बाजूला वळायचं. पायलट विमान 45 अंशांच्या आसपास कलवून खाली झोकतो, हजारेक फूट उतरता उतरता उलट कलवतो, मग चढत परत मूळ दिशेवर येतो. नेव्हिगेटरचा सरासरी मार्ग फारसा बिघडत नाही, फायटरचा नेम मात्र सुटतो. बहुतेक वेळा ते दुसरं सावज शोधायला निघून जातं. यात एक गोळीही झाडावी लागत नाही. उलट, न दिसलेल्या फायटरवर घाईने गोळी झाडली तर बंदुकीच्या ज्वाळेने आपणच आपली जागा दाखवतो, म्हणून पुष्कळ क्रू गोळी राखून ठेवत.

याच डोळ्यांसाठी शेपटीचे गनर टरेटची समोरची पर्स्पेक्सची (पारदर्शक प्लास्टिकची) काच कापून टाकत. उणे चाळीस अंशांतला वारा तोंडावर घ्यायचा, पण काचेवरच्या डागाला फायटर समजण्याची चूक आणि फायटरला डाग समजण्याची चूक, दोन्ही टाळायच्या. ही माणसं कमी करायची?

दुसरं. फायटर पोटाखालून का येऊ लागले? सरळ मागून येणं धोक्याचं होतं म्हणून. शेपटीच्या चार बंदुका काढा, मग सरळ मागून येऊन नाकातल्या तोफांनी निवांत मारता येईल. त्यासाठी तिरकी तोफ बसवायचीही गरज नाही. 1943 च्या अखेरीस सगळ्या जर्मन फायटरांवर ती बसलेलीही नव्हती. बरेच जण अजून खालून-मागून येऊन नाक वर उचलून मारत होते, आणि नाक उचलण्याच्या त्या क्षणी शेपटीच्या गनरला ते दिसायची शक्यता असे.

वाऱ्याचा_विरोध

बाजू नंतर घेतो, आधी तो 50 मैलांचा आकडा तपासूया.

हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लँकेस्टरचा कमाल वेग ताशी सुमारे 285 मैल धरा. त्याच चार मर्लिन इंजिनांवर 335 गाठायचे, तर 335 भागिले 285 म्हणजे 1.175, त्याचा घन 1.62. म्हणजे विमानाचा एकूण विरोध 38 टक्क्यांनी घटला पाहिजे. तीस मीटरच्या पंखांच्या, चार इंजिनांच्या, जाड बुंध्याच्या विमानात दोन टरेट एवढा वाटा उचलत असतील हे मला पटत नाही. पाठीवरचा घुमट विरोध करतो हे खरं. शेपटीचा टरेट मात्र बुंध्याच्या शेवटाला आहे. तो काढून निमुळती टोपी बसवली तरी फायदा बेताचा.

वजनाचा फायदा खरा आहे. पण शेपटीच्या बंदुकांच्या 10,000 गोळ्या टरेटमध्ये नसतातच. विमानाच्या मध्याजवळच्या पेट्यांतून पट्टे रुळांवरून मागे नेलेले असतात, तोल बिघडू नये म्हणून. टरेट, चार बंदुका आणि माणूस एवढ्या मागून उचललं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. त्याची भरपाई करावी लागेल.

प्रत्यक्षात ताशी 15-20 मैल मिळाले असते तर खूप, असा माझा हिशेब. 50 हा आकडा धरून कोणी वाद घालू नये.

आकडेमोड

ठीक, 20 धरू. तरीही माझी बाजू उभी राहते.

संरक्षित आकाशात जाऊन-येऊन 1,000 मैल काटायचे आहेत. ताशी 215 ने 4 तास 39 मिनिटं, 235 ने 4 तास 15 मिनिटं. शत्रूच्या आकाशातली 24 मिनिटं वाचली. जर्मन नियंत्रक फायटरला रडारने मागे लावतो तेव्हा पाठलागाचा वेळ दोघांच्या वेगांतल्या फरकावर ठरतो, आणि फायटरचं इंधन मोजकं असतं. बॉम्बरचे 20 मैल म्हणजे तो फरक बराच आटतो.

आणि टरेट काढणं काही अशक्य नव्हतं. मे 1943 मध्ये जर्मनीतल्या धरणांवर हल्ल्याला गेलेल्या 617 स्क्वाड्रनच्या लँकेस्टरचा पाठीवरचा टरेट काढलेला होता. नोव्हेंबर 1944 मध्ये टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका बुडवायला गेलेल्यांचाही. हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरचा नाकातला टरेट काढून तिथे गुळगुळीत नाक बसवलं, काहींचा पाठीवरचाही उतरवला, आणि ते विमान सुधारलं.

शेपटीचा_पहारा

तीनही उदाहरणं तुमच्याविरुद्ध जातात.

टिर्पिट्झसाठी टरेट काढला तो पाच टनांचा टॉलबॉय बॉम्ब आणि जादा इंधन घेऊन स्कॉटलंडहून नॉर्वेपर्यंत जाऊन परत येण्यासाठी. हल्ला सकाळच्या उजेडात, आणि जर्मन फायटर वेळेवर पोचले नाहीत हे नशीब. धरणांच्या वेळी पाठीवरचा गनर नाकात बसवला, माणूस कमी केला नाही. हॅलिफॅक्सचा बंद पडलेला टरेट नाकातला, जिथून रात्री जवळजवळ कोणी येतच नाही, आणि नंतर पाठीवर चार बंदुकांचा बसका टरेट परत आला. शेपटीचा टरेट यांतल्या एकानेही काढला नाही. तो सगळ्यांनी राखला, यातच काय ते आलं.

रातराणी

तुम्ही दोघंही पाठीवर आणि शेपटीवर भांडताय. माणसं मरत होती पोटामुळे.

सुरुवातीच्या काही लँकेस्टरना पोटाखाली टरेट होता, पेरिस्कोपमधून नेम धरायचा. त्यातून दिसायचं फारच थोडं, म्हणून तो गेला. मग त्या भागात खालची जमीन पडद्यावर दाखवणाऱ्या एच-टू-एस रडारचा घुमट आला आणि खाली पाहणारा डोळा कायमचा बंद झाला. बॉम्बर कमांडच्या कॅनेडियन सहाव्या ग्रुपच्या काही विमानांत पोटाखाली .50 ची एक बंदूक बसवली होती. एच-टू-एस आलं की तीही काढावी लागे.

त्यातून विद्युत उपाय निघाले. 'मोनिका' हे शेपटीतलं रडार मागून काही आलं की इंटरकॉमवर टकटक करायचं, पण शेकडो बॉम्बरांच्या प्रवाहात आपलंच विमान मागे असलं तरी टकटक. ऐकून ऐकून क्रू दुर्लक्ष करू लागले. त्याहून वाईट म्हणजे जर्मनांचं 'फ्लेन्सबुर्ग' उपकरण मोनिकाच्या लहरी पकडून थेट बॉम्बरपर्यंत यायचं. हे कळलं जुलै 1944 मध्ये, एक जर्मन युंकर्स 88 विमान चुकून इंग्लंडच्या वुडब्रिज धावपट्टीवर उतरलं तेव्हा. 'फिशपाँड' बरं होतं. एच-टू-एसच्याच लहरींतून खालची विमानं वायरलेस ऑपरेटरच्या पडद्यावर ठिपक्यांसारखी दिसत. बाकीच्यांबरोबर न सरकणारा, वेगळ्या गतीने जवळ येणारा ठिपका म्हणजे फायटर. तिरक्या तोफेविरुद्ध थोडंफार कामाचं होतं ते हेच.

आणि सर्वांत मोठी चूक माहितीची. क्रूंना सांगितलं जाई की आकाशात अचानक फुटणारे आगीचे गोळे म्हणजे जर्मनांचे 'स्केअरक्रो' नावाचे भीती घालणारे तोफगोळे आहेत. असे गोळे नव्हतेच. ती फुटणारी खरी विमानं होती, त्यांतली कित्येक खालून मारलेली. मारा कुठून होतो हेच क्रूला ठाऊक नसेल तर गनर कुठे पाहणार? त्याने काही मिनिटांनी विमान दोन्ही बाजूंना कलवायला लावून खाली बघायचं, एवढी सवय आणि तिच्यामागचं खरं कारण प्रत्येक ब्रीफिंगमध्ये सांगितलं असतं तर कुठल्याही टरेटपेक्षा जास्त माणसं वाचली असती. काही पायलट असं कलवत होतेच. कारण सगळ्यांना सांगितलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

आकडेमोड

रातराणी, म्हणजे पाठीवरचा टरेट निरुपयोगी हे तुम्हीही मानता. माझा माणसांचा मुद्दा मात्र कोणी खोडलेला नाही. शंभर विमानं पडली तर सात जणांच्या क्रूत 700 माणसं जातात, पाचांच्या क्रूत 500. टरेट काढल्याने एकही विमान वाचलं नाही असं धरलं, तरी 200 माणसं त्या विमानात नसतील.

शेपटीचा_पहारा

हा हिशेब कमांडच्या खात्यात बरोबर बसतो. विमानात बसलेल्या पाचांच्या खात्यात बसत नाही.

दर मोहिमेला 4 टक्के विमानं परत येत नाहीत असं धरा. 30 मोहिमांचा टूर पुरा करण्याची शक्यता: 0.96 चा तिसावा घात, म्हणजे शंभरात 29. आता गनर काढले आणि नुकसान 5.6 टक्के झालं. तुमच्या हिशेबाने मेलेल्या माणसांची संख्या तेवढीच राहते, कारण क्रू लहान. पण उरलेल्या पाचांची टूर पुरा करण्याची शक्यता शंभरात 18 वर येते. मोहीमही महागली, कारण प्रत्येक विमानामागे चार मर्लिन, एक एच-टू-एस आणि महिनोन् महिने शिकवलेला नेव्हिगेटर जातो. 5.6 होणार नाही, ही खात्री तुम्ही कुठून देणार? उलट ते 3 वर आलं असतं तर शक्यता 40 झाली असती, हेही मान्य करतो. वाद नेमका त्या एका आकड्याचा आहे, आणि तो ठरवायला एखाद-दोन स्क्वाड्रन तीन महिने बिनटरेट उडवून पाहायला हवी होती.

डिग्री_ते_पेनांग

बाहेरचे दोन दाखले.

एक, अमेरिकेचं वायबी-40. बी-17 या अमेरिकी बॉम्बरला जादा टरेट आणि गोळ्या लादून केलेलं संरक्षक विमान. 1943 च्या मे ते ऑगस्टमध्ये वापरून सोडून दिलं. लक्ष्यावर बाकीच्यांनी बॉम्ब टाकले की ती हलकी होऊन पुढे जात, आणि हे जड विमान मागे रेंगाळत असे. बंदुका वाढवून सुटका नाही हे तिथे दिसलं. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर 291 बी-17 निघाले, 60 गेले. एकेकावर दहाहून जास्त जड मशीनगन होत्या.

दोन, मार्च 1945. टोकियोवर रात्री कमी उंचीवरून जाताना बी-29 या अमेरिकी बॉम्बरच्या बहुतेक बंदुका आणि गोळ्या उतरवून बॉम्ब वाढवले. सुमारे 280 विमानांनी बॉम्ब टाकले, 14 गेली.

आपल्या बाजूचाही एक दाखला आहे. बंगालमधल्या डिग्रीहून उडणाऱ्या 159 स्क्वाड्रनच्या लिबरेटर बॉम्बरांनी ऑक्टोबर 1944 मध्ये मलायातल्या पेनांग बंदराबाहेर सुरुंग पेरले, जाऊन-येऊन सुमारे 3,000 मैल. वजन कमी करून आणि इंधन जपून उडवायची पद्धत बसवूनच ते जमलं. वजन उतरवणं हे या विमानांचं सर्वांत मोठं औषध होतं, मी आकडेमोडांच्या बाजूने.

शेपटीचा_पहारा

जपानकडे रडारवाले नाइट फायटर जर्मनीच्या तुलनेत नगण्य, पेनांगवर तर त्याहून कमी. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर 30 मार्च 1944 च्या रात्री 795 विमानं गेली आणि 95 परत आली नाहीत. लँकेस्टर कोणत्या आकाशात उडत होतं ते लक्षात घेऊन औषध सांगा.

वाऱ्याचा_विरोध

आता बाजू घेतो. पाठीवरचा टरेट काढा, शेपटीचा ठेवा. मोकळा झालेला गनर पोटाखाली पर्स्पेक्सच्या फुगवट्यात पालथा, बंदुकीशिवाय, फक्त इंटरकॉम घेऊन. एच-टू-एसचा घुमट आड येतो म्हणून फुगवटा त्याच्या पुढे किंवा बाजूला. घुमट कोणता आवश्यक, हे पाथफाइंडर (पुढे जाऊन लक्ष्य दाखवणारी विमानं) आणि साधी विमानं यांच्यासाठी वेगळं ठरवता आलं असतं. एका प्रवाहातल्या प्रत्येक विमानाला एच-टू-एस लागत नव्हतं.

रातराणी

याला माझा पाठिंबा. फक्त वाचलेलं वजन बॉम्बने भरायचं नाही, असा लेखी हुकूम हवा. बर्लिनच्या लढाईत, म्हणजे 1943-44 च्या हिवाळ्यातल्या हवाई हल्ल्यांत, पहिल्या ग्रुपने विमानं इतकी भरली की काही क्रू उत्तर समुद्रावरच कुकी टाकून हलके होत होते. वाचलेला प्रत्येक पौंड बॉम्बकक्षातच गेला असता.

आणि जोडीला नाकातलं उडी मारून सुटायचं झाकण. शेपटीच्या गनरचं पॅराशूट टरेटबाहेर अडकवलेलं, ते हातात घेऊन मग उडी. बाकीच्यांनी पुढच्या तळातल्या साधारण 22 इंच रुंद झाकणातून निघायचं. मागचं दार आहे, पण तिथून उडी मारली की शेपटीच्या आडव्या पंखावर आदळायची भीती. डायसननेच नोंदवलंय की पडलेल्या हॅलिफॅक्समधून सुमारे 25 टक्के माणसं जिवंत बाहेर पडत, लँकेस्टरमधून 15. हॅलिफॅक्सचं झाकण दोनेक इंचांनीच रुंद होतं. टरेटवर महिनोन् महिने वाद घालण्याआधी कारखान्यात ते झाकण रुंद करायला हवं होतं. त्याने वेग घटत नाही, बॉम्ब कमी होत नाहीत, आणि शेपटीचा पहारा व आकडेमोड दोघांनाही हरकत घ्यायला जागा राहत नाही.