एलिंग्टनची 'सॉलिट्यूड' दोन रेकॉर्डवर, दोन्ही त्याचीच. मग खरी कुठली?

क्लॅरिनेटवाला, वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. नारळ-सुपारीची बाग सांभाळतो आणि तीस वर्षं गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लग्न, वरात, विसर्जन, फेस्त, येईल ती सुपारी. नोटेशन लिहिणारा मी एकटाच उरल्यामुळे चाली बसवायचं कामही माझ्याच गळ्यात आहे.

मे महिन्यात आमच्या वाडीतलं एक जुनं ख्रिस्ती घर विकलं गेलं. त्या घरातले आजोबा बोटीवर नोकरीला होते. माळ्यावरचा एक खोका त्यांच्या नातवाने माझ्याकडे दिला, "तुम्ही वाजवता, तर घेऊन जा." खोक्याला सुक्या बांगड्यांचा वास. आत अठ्ठावीस एलपी, काही पापडासारख्या वाकलेल्या, कव्हरं वाळवीने चाळण केलेली. त्यातल्या चार एकाच माणसाच्या निघाल्या, ड्यूक एलिंग्टन. अमेरिकेतला जॅझवाला, पियानो वाजवणारा, चाली लिहिणारा आणि स्वतःचा बँड चालवणारा. रिठ्याच्या पाण्याने धुतल्या, कुडाळहून मेव्हण्याचा प्लेअर आणला आणि पावसाळाभर हेच चाललंय. बायको म्हणते, घरात माणूस मेल्यासारखं वाजवता. तिला त्याची 'मूड इंडिगो' ही चाल आवडत नाही.

आता अडचण सांगतो. 'मास्टरपीसेस' नावाच्या रेकॉर्डवर सॉलिट्यूड आहे, आठेक मिनिटांची, सगळा ताफा घेऊन. 'मनी जंगल' नावाच्या दुसऱ्या रेकॉर्डवर तीच चाल फक्त तिघांत, त्यातही पियानो बराच वेळ एकटाच. चाल ओळखू येते, पण वाजवणारा तोच माणूस आहे असं वाटत नाही. मूड इंडिगोचंही तसंच. माझ्याकडची पंधरा मिनिटांच्या वर जाते आणि भाच्याने मोबाइलवर ऐकवली ती तीन मिनिटांत खलास. यातली असली कुठली? आणि तिसरी रेकॉर्ड न्यूपोर्टची आहे. तिच्यावर एक सॅक्सोफोनवाला थांबायचं नाव घेत नाही, पण आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा. माझी पिन गेली की काय?

विचारतोय त्यात माझा स्वार्थही आहे. लग्नसराईत आम्ही अकरा जण असतो. नारळी पौर्णिमेनंतर सहा जण होडीवर जातात, उरतो पाच. अकरांचे पार्ट पाचांना वाटून दिले की आमचा बँड दात पडलेल्या तोंडासारखा वाजतो. हा माणूस पंधरांतही भरलेला वाटतो आणि तिघांतही. करतो कसं?

रेकॉर्डवाली, रत्नागिरी

दादा, आधी पिनेचं. ती ठीक आहे, बदलू नका. १९५६ च्या जुलैत अमेरिकेत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात एलिंग्टनच्या बँडातला पॉल गोन्साल्विस हा टेनर सॅक्सोफोनवाला सोलोला उठला तो चुकीच्या माइकपुढे जाऊन उभा राहिला. रेकॉर्ड कंपनीचा माइक बाजूलाच राहिला आणि तो वाजवत होता 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या माइकमध्ये. त्याने लागोपाठ सत्तावीस आवर्तनं घेतली, लोक खुर्च्यांवर चढले, आणि कंपनीच्या टेपवर हे सगळं लांबून आलं. शिवाय त्या एलपीतला काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवल्या होत्या. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही जुळवून १९९९ मध्ये दोन सीडींचा संच निघाला. त्यावर गोन्साल्विस तुमच्या पडवीत येऊन वाजवतो. तुमची एलपी मात्र टाकू नका, लबाडी असली तरी इतिहास आहे. आणि रिठा पुरे झाला, आता डिस्टिल्ड वॉटर आणा.

गंमत अशी की तो ज्यावर वाजवत होता ती 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' ही एलिंग्टनची १९३७ ची रचना, मुळात मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या दोन बाजू. मधली खिंड गोन्साल्विसच्या सोलोने भरून काढली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती खिंडच.

आता असली-नकली. तीन मिनिटं ही काही त्याची आवड नव्हती, दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तरी १९३५ मध्ये आई गेल्यावर त्याने 'रेमिनिसिंग इन टेम्पो' लिहिलं ते चार बाजूंवर पसरलं. ऐकणाऱ्याने मधे उठून तबकडी पालटायची, असला प्रकार. एलपी आली आणि १९५० च्या डिसेंबरात तो 'मास्टरपीसेस' करायला बसला तेव्हा जुन्या चालींना पहिल्यांदा हातपाय पसरता आले. म्हणून तुमची मूड इंडिगो पंधरा मिनिटांची. ती ओढूनताणून लांबवलेली नाही. नीट ऐका, दर फेरीला चाल वेगळ्या माणसाच्या हाती जाते आणि मागची माणसंही बदलतात.

आणि तीन मिनिटांची तरी एकच कुठे आहे? १९३० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्या अवधीत त्याने ती तीन कंपन्यांना वाजवून दिली. एकीकडे बँडचं नाव 'हार्लेम फूटवॉर्मर्स', दुसरीकडे 'जंगल बँड', तिसरीकडे स्वतःचं नाव, आणि एका ठिकाणी तर चालीचंही नाव 'ड्रीमी ब्लूज'. करारातून वाट काढायची युक्ती. माझ्या वडिलांनी याच घोळापायी तीच माणसं तीन वेगळे बँड समजून विकत घेतली होती!

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या १९३० च्या मूड इंडिगोतच आहे. तिघंच पुढे आहेत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट. जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजाने क्लॅरिनेट सर्वांत वर नाचायचं, ट्रम्पेट मधे, ट्रॉम्बोन तळाला. एलिंग्टनने ही उतरंड उलटी केली. म्यूट (भोंग्याला लावायचं आवाज दबवणारं झाकण) लावलेला ट्रम्पेट वर, त्याच्या लगेच खाली म्यूट लावलेला ट्रॉम्बोन आपल्या अगदी उंच सुरांत, आणि क्लॅरिनेट या दोघांपासून दूर, पार तळाला. वाद्यं नेहमीचीच, पण तिघं मिळून जो आवाज निघतो तो कुठल्याच वाद्याचा वाटत नाही. पाच जणांत काय करता येईल याचा धडा हाच. अकरांतले सहा वजा करू नका, पाचांना नव्याने बसवा.

डबलबारीवालो, कणकवली

माका जॅझमधला काय कळत नाय. पण ह्या वाचून आमच्या भजनातल्या बुवांची आठवण इली. तीच गजर, तीच चाल. पखवाजवालो बदललो की बुवा जागच्या जागी लय बदलत. मी विचारलंय, बुवा असा कित्या? म्हणाले, चाल माझी खरी, पण हात तेचो आसा ना रे! दशावतारात पण तसाच. राजा कोण उभो रवलो त्येच्यावर पेटीवालो पट्टी धरता.

क्लॅरिनेटवाल्यानु, पाच जण इलात तर आमच्या सप्त्याक येवा. जेवण आमच्याकडे.

रेकॉर्डवाली, रत्नागिरी

डबलबारीवाले, मी इतकं लांबण लावून जे सांगितलं ते तुमच्या बुवांनी एका वाक्यात उडवलं. एलिंग्टनच्या हस्तलिखित पार्टांवर पुष्कळदा 'दुसरा ट्रम्पेट', 'पहिला आल्टो' असं नसायचंच. वर वाजवणाऱ्याचं नाव. हे कूटीचं, हे ट्रिकी सॅमचं, हे हॅरीचं. हॅरी म्हणजे हॅरी कार्नी, बॅरिटोन सॅक्सोफोन. १९२७ मध्ये आला तो १९७४ मध्ये एलिंग्टन जाईपर्यंत त्याच्याबरोबर होता, आणि मागोमाग त्याच वर्षी गेला. इतकी वर्षं एका माणसाचा श्वास ऐकल्यावर त्याच्यासाठी लिहिणं म्हणजे काय असेल!

त्यासाठी माणसं हाताशी हवीत, आणि ती फुकट राहत नाहीत. गाजलेल्या चालींच्या रॉयल्टीचा पैसा तो बँडच्या पगारात ओतत राहिला. मोठे बँड एकेक करून मोडले तेव्हाही याचा चालू होता. रात्री लिहिलेलं दुसऱ्या दिवशी कानांनी ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी हा खर्च.

'मनी जंगल'मध्ये यातलं कोणी नाही, म्हणून तुम्हाला माणूस वेगळा वाटला. १९६२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. एलिंग्टन त्रेसष्टचा, समोर बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रमवर मॅक्स रोच, दोघंही पुढच्या पिढीचे आणि आपापल्या घरचे राजे. मिंगस एलिंग्टनला देव मानायचा, पण १९५३ मध्ये काही दिवस त्याच्या बँडात असताना ट्रॉम्बोनवाल्या हुआन टिझोलशी मारामारीवर आला आणि त्याला जावं लागलं. या सेशनमध्येही तो मधेच बास उचलून चालता झाला, एलिंग्टनने समजूत घालून परत आणला. पहिली चाल लावा, मिंगस तार नुसती छेडत नाही, उपटतो. म्हाताराही ऐकत नाही, पियानोवर ठोसे देतो. त्याच महिन्यात त्याने सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबरही रेकॉर्ड केली, आणि तिच्यावर हाच माणूस इतका कमी वाजवतो की शोधावा लागतो. सॉलिट्यूड मूळची १९३४ ची. स्टुडिओत एक चाल कमी पडली म्हणून भिंतीला टेकून उभ्याउभ्या वीस मिनिटांत लिहिली, असं तो सांगायचा. खरं-खोटं तो जाणे, किस्से तो चालींइतकेच छान बसवायचा.

पेडण्याचो पाव्हणो

गोन्साल्विसचं नाव निघालंय तर एक गोष्ट मिटवून टाकतो. आमच्याकडे दर फेस्ताला कोणीतरी छाती फुगवून सांगतो, एलिंग्टनच्या बँडात आपला गोंयकार होता. नव्हता हो. पॉल गोन्साल्विस अमेरिकेतच जन्मला, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी, आणि घराणं केप व्हर्देचं. तीही पोर्तुगीजांचीच वसाहत, आडनावं तिथे आणि इथे एकाच गलबताने उतरली. मीही वीस वर्षं हीच फुशारकी मारली, शेवटी एका रेकॉर्डच्या कव्हरवरच्या माहितीने तोंडावर पाडलं.

आमचे गोन्साल्विस म्हणजे अँथनी, माजोर्ड्याचे, व्हायोलिनवाले. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम, घोकून मुंबई गाठलेली ती पिढी. हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. तेही माणूस बघूनच पार्ट लिहीत, पण त्यांची नावं रेकॉर्डवर कोण छापणार.

तुमची चौथी एलपी कुठली ते सांगितलंच नाहीत.

क्लॅरिनेटवाला, वेंगुर्ला

चौथी 'फार ईस्ट स्वीट' (स्वीट म्हणजे गोड नव्हे, एकात गुंफलेल्या चालींची माळ). कव्हर अर्धं गेलंय, पण मला हीच सगळ्यांत लाडकी. तिच्यातल्या दुसऱ्या चालीत क्लॅरिनेट एक लकेर घेतं आणि परत परत तीच घेतं, हट्टी पोरासारखी. मागे बँड चालत राहतो, याला पर्वा नाही. नावात आग्रा, दिल्ली वगैरे दिसतंय. आपल्याकडे आला होता का हा?

निळ्या शाईचा पेन, मालवण

ती दुसरी चाल म्हणजे 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही', आणि कंसात मैना. म्हणजे तुमच्या माडावरची साळुंकी. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारने एलिंग्टनचा बँड आशियाच्या दौऱ्यावर पाठवला होता. दिल्लीत तो आजारी पडून इस्पितळात गेला, मुंबई झाली, पुढे नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि दौरा तिथेच आटोपला. दिल्लीत बिली स्ट्रेहॉर्नला खोलीत एक पक्षी ऐकू यायचा, त्याची शीळ त्याने उचलली आणि जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर ठेवली. तीच तुमची हट्टी लकेर.

मी प्रतिसाद लिहितोय तो याच नावासाठी. वर इतकं बोललात, स्ट्रेहॉर्न कुठेच नाही! १९३९ पासून हा छोट्या चणीचा माणूस एलिंग्टनच्या शेजारी बसून लिहीत होता. बँडची ओळख झालेली 'टेक द ए ट्रेन' त्याची. याच स्वीटमधली 'इस्फहान' त्याचीच, आणि ती इराण बघायच्या आधी वेगळ्या नावाने लिहून झाली होती. तेव्हा 'एलिंग्टनच्या रचना' म्हणताना थोडं जपून. कुठली ओळ कोणाची, हे बँडातल्यांनाही नेहमी सांगता येत नसे.

१९६७ मध्ये स्ट्रेहॉर्न गेला. काही महिन्यांनी एलिंग्टनने नुसत्या त्याच्या चालींची रेकॉर्ड केली. शेवटी सगळे आवराआवर करत असताना म्हातारा पियानोवर बसला आणि 'लोटस ब्लॉसम' एकटाच वाजवू लागला. टेप चालू होती. मागे माणसं बोलताहेत, सामान हलतंय, आणि हळूहळू खोली गप्प होते. रेकॉर्डवाल्या ताईंनी सगळे ताफे मोजले, हा एकाचा राहिला.

रेकॉर्डवाली, रत्नागिरी

मान्य. चूक माझी. ती रेकॉर्ड आमच्याकडे आहे आणि मी ती फार लावत नाही, एवढंच.

क्लॅरिनेटवाला, वेंगुर्ला

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. गेले पाच दिवस रोज रात्री देवळामागच्या पडवीत पाचांना बसवलं. कागदावर वर वाद्याचं नाव न लिहिता माणसाचं लिहिलं. तेवढ्यानेच आमचा युफोनियमवाला ताठ बसला. ट्रॉम्बोनच्या जागी त्याला जिथे फुंकताना घाम फुटतो त्या उंच सुरांत टाकला, मी स्वतः क्लॅरिनेट घेऊन तळाला गेलो. ट्रम्पेट वर. ट्रम्पेटला म्यूट कुठून आणायचा? ताईंच्या रेकॉर्डवाल्यांनी रबरी प्लंजर वापरले, तेच मोरी तुंबली की वापरतात ते. आमच्याकडे करवंट्यांची कमी नाही. एक मोठी करवंटी आतून घासली, काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि डाव्या हाताने भोंग्यावर उघडझाप करायला सांगितलं.

पहिले चार दिवस मांजर भांडल्यासारखं. काल मात्र एका ठिकाणी, फार तर आठ मात्रा असतील, तिघांचा मिळून असा आवाज निघाला की ढोलवाल्याने हात थांबवले. त्याला वाटलं कोणीतरी दारात आलं.

पुन्हा जमवायला गेलो तर जमलं नाही. ट्रम्पेटवाला म्हणतोय करवंटीला बुडाशी भोक पाडून बघू, वारा अडतोय. मी म्हटलं एक तशी करू आणि एक बिनभोकाची ठेवू. कोणी आधी करून बघितलंय का? भोक केवढं पाडावं?