मुलाखतीतलं ‘टोकणं’ आपलं की हिंदीतलं?

कृष्णाकाठ (सांगली): एका लेखाचं भाषांतर करतेय, दोन दिवस ‘इंटरप्ट’ या एका शब्दावर अडलेय. १९८२ साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री बीटी यांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंची मुलाखत तपासली. वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंचा आवाज उतरे, समोरच्याला वाटे संपलं, आणि तो बोलू लागे. म्हणजे ही गफलत आहे, उर्मटपणा नाही. ‘तोडणं’ फार दुष्ट वाटतं. मी ‘टोकणं’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ‘हिंदी’ म्हणून खोडलं. माझी आजी ‘जेवत्या पोराला टोकू नये’ म्हणायची. मग शब्द परका कसा?

व्याकरणप्रेमी (सातारा): टाळाच. ‘व्यत्यय’ हा रुळलेला, निर्मळ शब्द आहे.

माणदेशी: संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालट. पाणिनीचं ‘व्यत्ययो बहुलम्’ हे व्याकरणसूत्र आठवा, तिथे अडथळ्याचा संबंध नाही. त्याचा अर्थ आपण फिरवला तो चालतो, मग आजीचं टोकणं का नको? फक्त आजीचं टोकणं म्हणजे हटकणं, चूक दाखवणं. तुमचा मुलाखतकार चूक दाखवत नाहीये. ‘मधी तोंड घालणं’ लिहा.

व्याकरणप्रेमी: अर्थ फिरणं वेगळं, उसनवारी वेगळी. वाहिन्या ऐका, निम्मी मराठी हिंदीतून आलेली.

हरिपूर: माझं मत ‘तोडणं’लाच. आपलं क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे. नेता ‘मी पक्ष सोडणार’ म्हणाला आणि तिथंच अडवला, तर ‘नाही’ घशात राहतं. अर्थच तुटतो हो!

कृष्णाकाठ: जपानीतही क्रियापद शेवटीच. तरी २००९च्या दहा भाषांच्या अभ्यासात होय-नाही प्रश्नांना सगळ्यांत झटपट उत्तरं जपानीत आली, सगळ्यांत सावकाश डॅनिशमध्ये. शेवट काय येणार हे ऐकणारा आधीच ताडतो. शिवाय ‘तोडून बोलणं’ म्हणजे आमच्याकडे फटकळपणा.

हरिपूर: मग ‘झील’ घ्या. गोंधळात झीलकरी मुख्य गायकाच्या सुरावर सूर चढवतात, त्याला कुणी अडवणं म्हणत नाही. मुलाखतकाराचं ‘हं, बरोबर’ ही झीलच.

व्याकरणप्रेमी: झील म्हटलं की खुशामत वाटते.

माणदेशी: खुशामत ती री ओढण्यात. झील वेगळी. पण इथं ती बसत नाही, थॅचरबाईंचा मुलाखतकार साथ देत नव्हता, पुढचा प्रश्न टाकत होता.

वाळवा: टोकण्यावर एवढं चाललंय म्हणून सांगतो. आमच्याकडे टोकणं म्हणजे बी टोकणं, भुईमुगाचं, सोयाबीनचं. टोकदार काडीनं भोक पाडायचं, बी टाकायचं. बोलण्यातलं टोकणंही तिथूनच आलं असणार, समोरच्याच्या बोलण्यात टोक खुपसायचं. शब्द मातीतलाच आहे, हिंदीचा काय संबंध?

व्याकरणप्रेमी: ती टोकण निराळी. दोन्ही एका मुळाच्या कशावरून?

माणदेशी: वाळवा, यंदा सोयाबीन टोकलं की पेरलं?

वाळवा: टोकलं. सरीच्या दोन्ही बगलांना. बी बरंच वाचलं.

कृष्णाकाठ: लेख उद्या द्यायचाय. तूर्त ‘मध्येच बोलणं’ ठेवते, पण मन मानत नाही.

माणदेशी: दोन बियांत अंतर किती ठेवलं?