इंडिगोची लिव्हरी टाकली पण फ्लाय बाय वायरच्या ए३२० वर येईना, सांब्रा ते दिल्ली उडवायचंय

मुतग्याचा_भाचा
नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले डोकं खाजवालोय, आता तुम्हीच काय ते सांगा. माझ्याकडं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० आहे (२०२४ वालं माझ्या पीसीला झेपणार नाही म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही), त्यात फ्लाय बाय वायर नावाच्या मंडळींनी बनवलेलं फुकटातलं ए३२० निओ (एअरबसचं नव्या इंजिनाचं मॉडेल) टाकलंय आणि ते झकास चालतंय. आता इंडिगोची लिव्हरी, म्हणजे विमानाच्या अंगावरचा कंपनीचा रंग, पाहिजे. एक झिप डाउनलोड केली, मधेच लाईट गेली, परत केली, अनझिप करून सिमच्या कम्युनिटी फोल्डरात (बाहेरून आणलेलं ठेवायची जागा) टाकली, पण विमानांच्या यादीत इंडिगो काही दिसेना.
घाई का तर रविवारी मामा येणार आहे मुतग्याहून. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की सांब्र्याची (बेळगावच्या विमानतळाची) विमानं २६ नंबरच्या धावपट्टीवरून उठून शहराच्या अंगाला येतात, तेव्हा मामा शेतातनं मान वर करून बघत बसतो. त्याला मागच्या खेपेला विमान दाखवलं तर म्हणाला, ‘हे कुठलं गा, आमच्या विमानाचं पोट निळं असतंय.’ त्यानं आयुष्यात विमान खालूनच बघितलंय, त्यामुळं त्याला कंपनीचं नाव नाही, पोट तेवढं ठाऊक. तर तेवढं निळं पोट करून द्या की ओ कुणीतरी.

निपाणीकर
भावा आधी एक बघ. अनझिप केलं की बऱ्याचदा फोल्डरात फोल्डर होतंय. तुझ्या लिव्हरीचं फोल्डर उघडल्या उघडल्या मॅनिफेस्ट आणि लेआउट नावाच्या दोन जेसन फायली समोर दिसल्या पाहिजेत. त्याऐवजी त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसलं तर आतलं उचलून थेट कम्युनिटीत ठेव. आणि सिम पूर्ण बंद करून परत चालू कर, कम्युनिटी फोल्डर ते चालू होतानाच वाचतंय, मधी टाकलेलं त्याला कळत नाही. मी एकदा अख्खी दुपार घालवली होती ह्याच्यापायी.

मुतग्याचा_भाचा
होय की ओ, फोल्डरात फोल्डरच होतं! काढलं, आता इंडिगो दिसालंय. पण गंमत बघा, ते सिमसोबत आलेल्या साध्या ए३२० वर दिसतंय, फ्लाय बाय वायरच्या विमानावर नाही. आणि साधं विमान मला उडवायचं नाही, त्यातला उड्डाणाचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता देखावा.

चिकोडी_चार्ली
आता रोग सापडला. लिव्हरी ‘ए३२० ची’ नसते रे, ती एका ठराविक ॲड-ऑनची (कुणी वेगळं बनवून दिलेल्या विमानाची) असते, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. तुझ्या लिव्हरीच्या फोल्डरात सिमऑब्जेक्ट्स, मग एअरप्लेन्स, मग लिव्हरीचं फोल्डर, आणि त्यात एअरक्राफ्ट.सीएफजी अशी फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघड. वरच व्हेरिएशन म्हणून भाग असतो आणि त्याखाली बेस कंटेनर अशी ओळ. त्या ओळीवरनं सिमला कळतं की हा रंग कुठल्या विमानाच्या अंगावर चढवायचा. तुझ्या फायलीत तिथं असोबो (सिम बनवणारी कंपनी) ए३२० निओ लिहिलेलं असणार, म्हणजे साधं विमान, म्हणून ते साध्यावरच चढालंय. सिमचं काही चुकलेलं नाही, लिहिलंय तसंच करालंय बिचारं.
तिथं असोबो खोडून फ्लाय बाय वायर केलं की विमान बदलतं, पण एवढ्यावर थांबलास तर कुठंतरी गुलाबी नाहीतर काळे चौकोन दिसायची भीती, कारण टेक्स्चरच्या फोल्डरातल्या टेक्स्चर.सीएफजी मध्ये पण फॉलबॅकच्या ओळी असतात, म्हणजे लिव्हरीवाल्यानं जे रंगवलं नाही (खुर्च्या, काचा, कॉकपिट) ते कुठून उचलायचं त्याचे पत्ते. ते पत्ते पण बदलायचे. मग शेवटी लेआउट.जेसन नव्यानं बनवायची. त्यात पॅकेजमधल्या प्रत्येक फायलीचं नाव आणि साइज नोंदलेला असतो, आपल्या तलाठ्याच्या उताऱ्यासारखं समज, उताऱ्यावर नाव नाही तर जमीन तुझी नाही. हाताने लिहीत बसू नको, लेआउट जनरेटर म्हणून छोटा फुकट प्रोग्राम मिळतो, जेसन फाइल उचलून त्याच्यावर सोडली की झालं.
पण हे सगळं करायच्या आधी जिथनं घेतलीस तिथं परत जाऊन बघ, बरेच लिव्हरीवाले फ्लाय बाय वायरची वेगळी झिप ठेवतात. असेल तर वरचं सगळं विसर.
आणि हो, बदललेली लिव्हरी स्वतःच्या नावावर कुठं चढवू नको. लोक रात्र रात्र जागून रंगवतात. मला एकानं मेसेजिंग ॲपवर ‘सगळ्या भारतीय कंपन्यांच्या लिव्हरी’ म्हणून अडीचशे रुपयाला झिप विकली होती, आत बघतो तर सगळ्या फुकट मिळणाऱ्या, आणि मूळ लोकांची नावं तेवढी काढून टाकलेली.

जुना_एफएसएक्सवाला
वाचून दमलो मर्दांनो. मी अजून एफएसएक्सवर आहे, २००६ चं सिम, माझ्यासारखंच म्हातारं. आमच्यात टेक्स्चरचं फोल्डर विमानाच्या फोल्डरात टाकायचं, सीएफजी मध्ये आठ-दहा ओळी चिकटवायच्या की झालं. एक्स-प्लेन ह्या दुसऱ्या सिमवाल्यांचं तर आणखी सोपं, विमानाच्या आत लिव्हरीज म्हणून फोल्डर, त्यात नेऊन टाकलं की संपलं. पुढं जाल तसा व्याप वाढतोय.
एक मात्र सांगतो, जुन्या सिमवाल्यांनी सांब्रा शोधताना विमानतळाचा आताचा व्हीओबीएम कोड टाकून बसू नये, तिथं जुना व्हीएबीएम टाकायला लागतो. आणि धावपट्टी पण जुनी आखूडच मिळते, आताची २३०० मीटरची नाही. नवीन टर्मिनल २०१७ चं, ते तर कुठलं असणार. मी ए३२० घेऊन उतरलो आणि थेट शेतात गेलो. कुणाचं होतं देव जाणे, ऊस होता वाटतं.

टिळकवाडी_टर्बोप्रॉप
मी जरा खोड काढणार, राग मानू नका. फ्लाय बाय वायरच्या ए३२० ला सीएफएमची लीप इंजिनं आहेत. इंडिगोनं २०१६ पासून जी निओ आणली त्यांना प्रॅट अँड व्हिटनीची होती, लीपवाली नंतर आली. म्हणजे तुम्ही लिव्हरी घेताना त्यावर कुठल्या विमानाचा नंबर रंगवलाय ते बघा, प्रॅटवाल्याचा नंबर लीपच्या अंगावर म्हणजे दुसऱ्याच्या म्हशीला आपली घंटा. फोटोवरनं ओळखायचं तर इंजिनाची समोरची पाती मोजा, लीपला १८, प्रॅटला २०. मी मोजतो. बायको म्हणते वेड लागलंय. (फोटो सांब्र्याला जाऊन काढायला जाऊ नका हं, तिथं एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, नसती भानगड.) फेनिक्स कंपनीनं सिमसाठी बनवलेलं ए३२० घेतलेल्यांनी तर हा नाद सोडाच, ते निओच नाही, जुनं मॉडेल आहे, त्याला जुन्याच विमानाची लिव्हरी शोभते.
आता खरा मुद्दा. भाच्या, मामा मुतग्यात उभा राहून जे रोज बघतो ते ए३२० कशावरून? इथनं बेंगळुरू, हैदराबादला इंडिगोचं एटीआर ७२-६०० जातंय, ७८ सीटचं, पंख्याचं. पोट त्याचं पण निळंच. मामाला आधी विचार, पंखे दिसतात का म्हणून.

मुतग्याचा_भाचा
चार्ली अण्णा, तुमच्या पाया पडतो. वेगळी झिप नव्हती, म्हणून तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. पहिल्यांदा फॉलबॅकची एक ओळ राहिली तर कॉकपिटच्या काचा काळ्याकुट्ट, आत बसलो तर अमावस्या. ती ओळ नीट केली, लेआउट परत बनवली, आणि फ्लाय बाय वायरवर इंडिगो आलं एकदाचं! टर्बोप्रॉप सर, पाती मोजली, १८ भरली. नंबर कुठल्या इंजिनाचा ते मात्र बघितलं नाही, रविवार तोंडावर आला होता.
मामा आला, चहा झाला, मी सांब्र्याहून २६ वरून उठवलं आणि ड्रोन कॅमेरा विमानाच्या खाली नेऊन ठेवला, म्हणजे मामाला सवयीप्रमाणं खालून दिसावं. मामा पुढं सरकून बघालाय बघालाय, मी आपला वाट बघत. म्हणाला, ‘पोट बरोबर हाय.’ मी खूश. मग म्हणाला, ‘खरं पंखं कुठं हाईत? रोजच्याला दोन पंखं असत्यात की गा.’
टर्बोप्रॉप सर, जिंकलात तुम्ही.
आता एटीआर विकतच घ्यायला लागणार, ते सिमच्या आतल्या दुकानातच मिळतंय वाटतं, आणि त्याच्यावर पण इंडिगोची लिव्हरी शोधायची. त्याचं बेस कंटेनर काय असतंय ते कुणाला ठाऊक असेल तर आत्ताच सांगून ठेवा, गणपतीला मामा परत येणार आहे. त्याच्या घराच्या जागी सिमनं दोन मजली बंगला उभा केलाय, तो बघून खूश होऊन गेलाय, पण गोठा कुठाय म्हणून विचारालाय.

निपाणीकर
गोठ्याचं ॲड-ऑन अजून आलं नाही बाबा.