झोपेत अंग हलत नाही, त्याला मराठीत काय म्हणायचं?

पारिजात
एका दवाखान्यासाठी झोपेच्या तक्रारींवरचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. घोरणं, निद्रानाश, झोपेत चालणं इथवर काही अडलं नाही. अडलं ते स्लीप पॅरालिसिसपाशी. जाग आलेली असते, खोली दिसत असते, पण बोट हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. जुन्या पत्रकात 'निद्रा पक्षाघात' छापलं होतं. ते वाचून साठीच्या एक बाई तिथेच रडायला लागल्या. त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, आता आपलीही तीच गत होणार असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून हा शब्द नकोच, आणि त्याच कारणाने 'निद्रालकवा'ही नको. घाबरलेल्या माणसाला वाचताक्षणी 'हो, हेच मला होतं' असं वाटेल असा शब्द कुणाला माहीत आहे का? आमची आजी 'मुंजा बसला' म्हणायची, पण पत्रकात ते लिहिता येणार नाही.

शुद्धनाद
पक्षाघात इथे अर्थानेही बसत नाही. पक्ष म्हणजे बाजू. एक बाजू लुळी पडते तो पक्षाघात. लकवा अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ तोंड वाकडं होणं. झोपेतल्या या प्रकारात सगळं अंगच थांबतं. 'निद्रास्तंभ' घ्या. आठ सात्त्विक भावांत स्तंभ आहेच: भयाने वा विस्मयाने देह जागच्या जागी थांबणं. इतका नेमका शब्द असताना अरबीकडे किंवा इंग्रजीकडे जायची गरज नाही.

आडवाटेचा
निद्रास्तंभ पटत नाही. ऊरुस्तंभ म्हणजे मांड्या जखडणं, मन्यास्तंभ म्हणजे मान आखडणं, हनुस्तंभ म्हणजे जबडा बसणं. पहिलं पद असतं ते जे आखडतं त्याचं. त्या चालीने निद्रास्तंभ म्हणजे झोपच थांबली, वाचणारा निद्रानाश समजेल. शिवाय आजच्या वाचकाला स्तंभ म्हटलं की खांब दिसतो, नाहीतर वर्तमानपत्रातला रकाना.

शुद्धनाद
समासाचा विग्रह एकाच साच्यात होत नाही. वनवास म्हणजे वनात वास. तसा निद्रेत स्तंभ. वाचकाला सवय नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा, तर मराठीत नवा शब्द कधी रुजायचाच नाही.

घाटमाथा
पारिजातताई, मुंजा छातीवर बसतो हे आमच्या भागात मी कधी ऐकलेलं नाही. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला तर तो मुंजा होतो, पिंपळावर राहतो. त्याच्या पारावर दिवा लावतात, नैवेद्य दाखवतात. तो त्रास देईल तर पिंपळाखालून अवेळी जाणाऱ्याला. घरात शिरून अंथरुणावर दाबणारा तो नव्हे. आजींकडे दोन गोष्टी एकात मिसळल्या असाव्यात.

पारिजात
आजी वाई तालुक्यातली. तिच्या तोंडून हे असंख्य वेळा ऐकलंय. गावागणिक फरक असेल, पण ती चुकली असं म्हणवत नाही.

देवगडची
आमच्याकडे कुणाचं नावच घेत नाहीत. सकाळी उठून आई म्हणायची, "काल राती माका दाबल्यान." कोणी दाबलं, हे विचारायचं नाही. नाव घेतलं तर ते पुन्हा येतं, अशी समजूत. मग उशाखाली कोयती नाहीतर अडकित्ता ठेवायचा. मला पहिल्यांदा झालं ते बारावीच्या परीक्षेआधी. रात्रभर जागून पहाटे उताणी पडले होते. दाराशी कुणीतरी उभं होतं आणि मला हाक मारता येत नव्हती. आईला सांगितलं तेव्हा तिने हसण्यावारी नेलं नाही, 'तुलाही दाबलंन काय' म्हणून जवळ घेतलं. त्या एका शब्दाने मला केवढा धीर आला. हे फक्त मलाच होत नाही, हे त्यातून कळलं.

रातपाळी
मी परिचारिका आहे, रातपाळ्या बदलत्या असतात आणि हा अनुभव माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांना आलाय. शब्द कुठलाही घ्या, पण पत्रकात हे स्पष्ट लिहा. स्वप्नं बहुतेक ज्या झोपेत पडतात त्या रेम झोपेत मेंदूच हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढं चालू असतं. कधीकधी जाग आधी येते आणि ही बंदी उठायला क्षणभर उशीर होतो. स्वप्नही अजून पुरतं विरलेलं नसतं, म्हणून खोलीत माणूस दिसतो. श्वास चालूच असतो, पण मुद्दाम खोल घ्यायला गेलं की घेता येत नाही, त्यातून छातीवरचं ओझं जाणवतं. काही सेकंदांत किंवा एखाददोन मिनिटांत ते आपोआप सुटतं. जागरण, झोपेच्या बदलत्या वेळा आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. २०११ साली आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून आढावा घेतला गेला, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना हा अनुभव आल्याचं दिसलं. मात्र दिवसाही अनावर झोप येत असेल किंवा हे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. मी स्वतः पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करते. माझ्यापुरता तो उपाय लागू पडतो.

जुना वाचक
'ओसणणे' हा आपला जुना शब्द कुणालाच आठवला नाही याचं वाईट वाटलं. संतवाङ्मयात 'वोसणणे' येतो. झोपेसाठी इतका देखणा शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

आडवाटेचा
काका, ओसणणे म्हणजे झोपेत बरळणे. इथे तर तोंडातून शब्दच फुटत नाही. हे अगदी उलटं झालं.

जुना वाचक
अर्थ वाढवता येतो. शब्द जिवंत ठेवायचे असतील तर ते वापरात आणायला हवेत, कोशात ठेवून भागणार नाही.

हावड्याहून
बंगालीत याला 'बोबाय धोरा' म्हणतात. बोबा म्हणजे मुका, मुक्याने धरलं. भूत म्हणा की न म्हणा, वाचा गेली हे त्यात आलं. आपलं 'बोबडी वळणे' त्याच घराण्यातलं असावं असं मला फार वाटतं. जपानीत 'कानाशिबारी' आहे, लोखंडाने जखडल्यासारखं होणं. तमिळमध्ये 'अमुक्कुवान पेय', दाबणारं भूत. इंग्रजीतला नाइटमेअरही मुळात हाच. त्यातल्या मेअरचा घोडीशी संबंध नाही, ती छातीवर बसणारी बया होती. पुढे अर्थ पसरट होऊन कुठलंही वाईट स्वप्न झालं.

शुद्धनाद
बोबा आणि बोबडी दोन्ही ध्वनीवरून आलेले असू शकतात. नुसत्या उच्चारसाम्यावर घराणं जुळवू नये.

हावड्याहून
ध्वनीवरून आले असतील, तरी दोन्हीकडे अर्थ अडखळलेल्या वाचेचाच राहिला. तो योगायोग मानायला मी तयार नाही.

पारिजात
देवगडच्या ताईंचं 'दाबणे' मला फार आवडलंय. 'झोपेतला दाब' असं शीर्षक आणि खाली कंसात स्लीप पॅरालिसिस, असं चालेल का?

रातपाळी
दवाखान्यात 'दाब' वाचलं की सगळे रक्तदाब समजतील. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं 'दाब वाढलाय' म्हणतच येतात. 'झोपेत अंग जखडणे' असं सरळ लिहा. शब्द दोन जास्त झाले तरी चालतील, पण बाई घाबरायला नको.

शुद्धनाद
ते वर्णन झालं. संज्ञा कुठे आहे? उद्या पाठ्यपुस्तकात काय छापणार?

देवगडची
पाठ्यपुस्तकाचं नंतर बघू. आईने संज्ञा सांगितली असती तर त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नसती. आणि 'जखडणे'त दोर दिसतो, छातीवरचं वजन दिसत नाही. माझ्या अनुभवात अंग हलत नव्हतं त्यापेक्षा ते वजन जास्त भयंकर होतं.

आडवाटेचा
माझ्या अनुभवात वजन मुळीच नव्हतं. फक्त हलता येत नव्हतं, आणि कानात मोठी घरघर. माझ्यासाठी 'थिजणे' सगळ्यात जवळचं.

घाटमाथा
वाईच्या आजींबद्दल अजून विचारायचं होतं. त्यांच्या गावात पिंपळाचा पार देवळाला लागून होता की वेशीबाहेर? त्यावरून तिथला मुंजा घरात येणारा मानत होते की नाही, हे कळायला मदत होईल. आमच्याकडे वेशीबाहेरच्याला घरात येण्याची मुभा नसते.