जानेवारीच्या फलकासाठी कालगणनेतील नवलाईची, पण खात्रीची माहिती हवी आहे

फलकलेखक:
आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फलक आहे आणि गेली सहा वर्षे त्यावर रोज सकाळी खडूने चार ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात तारखा, तिथी आणि वर्षारंभ यांविषयी नवलाईच्या गोष्टी लिहाव्यात, असा विचार आहे. मात्र मोबाईलवर फिरणारी माहिती जशीच्या तशी उतरवून घेण्याची माझी तयारी नाही. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, म्हणजे ती ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली, असे मी गेल्या वर्षी लिहिले होते. त्यावर एका निवृत्त शिक्षकांनी फलकासमोर थांबून, "त्या दिवशी संक्रांत नव्हती," एवढेच सांगितले. कारण विचारायचे राहून गेले आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे. जाणकारांनी खुलासा करावा, आणि आपल्या मुलखाशी नाते असलेली आणखी माहिती असल्यास तीही द्यावी, ही विनंती.

जंत्रीवाचक:
शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार असा होता आणि त्या वर्षीची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. आपले बहुतेक सण तिथीवर ठरतात, संक्रांत मात्र सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशावर ठरते, आणि हा प्रवेश तारकांच्या संदर्भाने मोजला जातो. तारकांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष सुमारे ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे असते, तर इंग्रजी दिनदर्शिकेचे सरासरी वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे असते. ही वीस मिनिटे साठत जातात आणि साधारण बहात्तर वर्षांनी संक्रांत एका तारखेने पुढे सरकते. लीप वर्षांच्या मांडणीमुळे मधल्या काळात एखाद्या दिवसाचे मागेपुढे होते, ते वेगळे. पडताळणीसाठी सोपे उदाहरण हवे असेल तर स्वामी विवेकानंदांचे घ्यावे. त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज आपण १२ जानेवारीला युवक दिन पाळतो आणि तिळगूळ मात्र १४ किंवा १५ तारखेला वाटतो. मराठ्यांवर पानिपतात 'संक्रांत कोसळली' हे वाक्प्रचार म्हणून योग्यच आहे, पंचांग म्हणून नाही.

खाडीपलीकडे:
मी एक गोष्ट सुचवतो, जी मला स्वतःला फार आवडते. समजा, १६९९ साली माहीममधल्या एखाद्या इंग्रजाने २५ डिसेंबरला सकाळी नाताळची प्रार्थना आटोपली आणि होडीने खाडी ओलांडून तो वांद्र्याला उतरला, तर तिथे त्याला ४ जानेवारी १७०० ही तारीख मिळाली असती. मुंबई बेट इंग्रजांकडे होते आणि त्यांची दिनदर्शिका जुनी, म्हणजे ज्युलियन होती. वांद्रे आणि मुंबईच्या उत्तरेचे सगळे साष्टी बेट तेव्हा पोर्तुगिजांकडे होते. पोर्तुगालने पोप तेरावे ग्रेगरी यांची दिनदर्शिकेतील सुधारणा, म्हणजे आजची ग्रेगोरियन पद्धत, १५८२ सालीच स्वीकारलेली असल्याने ते दहा दिवस पुढे होते. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर नवे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी उजाडला तरी माहीमच्या दप्तरात १६९९ हेच साल राहिले असते. म्हणूनच जानेवारी ते मार्च या महिन्यांतील जुन्या इंग्रजी पत्रांवर पुष्कळदा जोडसाल, म्हणजे १६९९/१७०० असे, लिहिलेले आढळते. हा घोळ १७५२ साली मिटला. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार धरण्यात आला. त्याआधीचे १७५१ साल २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपवले गेले, म्हणजे ते अवघे २८२ दिवसांचे भरले!

फलकलेखक:
दोघांचेही मनापासून आभार. परंतु यातून एक शंका येते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख मग कोणत्या दिनदर्शिकेतील मानायची?

जंत्रीवाचक:
ती जुन्या इंग्रजी पद्धतीची आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून १६७४ येतो. सोहळ्याला हजर असलेला इंग्रजांचा वकील (दूत) हेन्री ऑक्झिंडेन ६ जून मोजत होता, त्याच दिवशी गोव्यातले पोर्तुगीज १६ जून मोजत होते आणि रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ होती. वार मात्र तिघांचाही शनिवारच होता. दिनदर्शिका बदलताना तारखा गाळल्या गेल्या, पण वारांचा क्रम कुठेच तुटला नाही. त्यामुळे जुन्या कागदावरील तारीख जंत्रीशी (तारखा-तिथींच्या कोष्टकाशी) ताडून पाहताना वाराची साक्ष मोलाची ठरते. शिवजन्माचेही तसेच आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार हा दिवस जुन्या पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३० आणि नव्या पद्धतीने १ मार्च १६३० येतो, आणि वार दोन्हीकडे शुक्रवारच येतो. तत्कालीन इंग्रजांच्या हिशेबी तर तेव्हा १६२९ सालच चालू होते.

माझी एक आग्रहाची सूचना आहे. ही माहिती लिहिताना रूढ तारीख चुकीची आहे, असा सूर चुकूनही लागू देऊ नये. त्या काळातील तारखा जुन्या पद्धतीनेच देण्याचा इतिहासकारांचा प्रघात आहे आणि शासनाने ठरवलेली जयंतीची तारीखही तीच आहे. तारखेशेजारी तिथी आणि वार लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः ताळा घेता येईल.

फलकलेखक:
सूचना पूर्णपणे मान्य आहे. पहिल्या तारखेला माहीम ते वांद्रे हा होडीचा प्रवास लिहीन आणि १४ तारखेला पानिपतची तिथी व वार लिहून गेल्या वर्षीची चूक त्याच फलकावर दुरुस्त करीन. खाडीपलीकडे यांना विचारतो, वसईच्या मोहिमेतही असा तारखांचा फरक पडतो का?

खाडीपलीकडे:
पडतो, आणि तो अकरा दिवसांचा आहे, कारण १७०० साल ज्युलियन पद्धतीत लीप होते आणि ग्रेगोरियन पद्धतीत नव्हते. वसई पोर्तुगिजांकडून मराठ्यांच्या हाती आली तो, पोर्तुगिजांच्या गणनेतील २३ मे १७३९ हा दिवस मुंबईच्या इंग्रजांच्या लेखी १२ मे होता. पण हा मजकूर जानेवारीत नको, मे महिन्याच्या फलकासाठी राखून ठेवा.