छोटा थांबा, मोठं शहर: विमान बदलताना मिळालेले तास कसे वापरावेत?

पुढचं विमान सहा-आठ तासांनी आणि बाहेर एक मोठं शहर. विमानतळावर बसून राहायचं की बाहेर पडायचं? जाणकारांनी नेमकी माहिती लिहावी. 'मजा आली'पेक्षा वेळेचा हिशोब, सामान, व्हिसा, वाहनं आणि कुठे अडतं, हे आलं तर जास्त उपयोग होईल.

तिकीटघर

तिकिटावर आठ तास दिसतात, पण ते तुमचे नसतात. हिशोब उलटा करा, पुढच्या विमानापासून मागे. समजा उतरायचं १० वाजता आणि पुढचं विमान १८ वाजता. गेट साधारण १७:४० ला बंद होतं, बोर्डिंग त्याआधीच सुरू होतं. सुरक्षा तपासणी, पासपोर्ट आणि लांबचं गेट धरून विमानतळावर १५:३० ला परत यायला हवं. दुसऱ्या टोकाला, विमानातून बाहेर येणं आणि इमिग्रेशन यात सव्वा तास सहज जातो, म्हणजे ११:१५. जायला-यायला पाऊण-पाऊण तास धरला तर शहरात १२ ते १४:४५, पावणेतीन तास. आंतरराष्ट्रीय थांबा सहा तासांपेक्षा कमी असेल तर मी बाहेर पडायला सुचवत नाही. अपवाद फक्त शहर अगदी लगत असेल आणि इमिग्रेशनला रांग नसेल तेव्हाचा.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांपर्यंतचा थांबा साधारणपणे 'ट्रान्झिट' धरतात, त्यापुढचा 'स्टॉपओव्हर'. ही रेघ ओलांडली की भाडं बदलू शकतं, म्हणून तिकीट काढतानाच २३ तास आणि २६ तास असे दोन्ही पर्याय टाकून बघा.

वाटाड्या

व्हिसाचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. ट्रान्झिट व्हिसा म्हणजे बाहेर पडायची परवानगी, असं बरेच जण धरून चालतात. शेंगेनचा (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचा) विमानतळ ट्रान्झिट व्हिसा (ए प्रकार) फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागात थांबू देतो, शहरात जायला सी प्रकारचा (थोड्या मुक्कामाचा) लागतो. अमेरिकेत उलट आहे. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणजे कागदपत्रं आधीच पूर्ण हवीत. नियम बदलत राहतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते टाकून तपासा. ओळखीच्या कुणाला चाललं होतं, हा आधार धरू नका.

सिंगापूरला चांगी विमानतळाची ट्रान्झिट प्रवाशांसाठी मोफत शहरसहल असते. त्यासाठी थांबा साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांच्या आत हवा. इस्तंबूललाही तिथली विमानकंपनी आपल्या प्रवाशांसाठी अशी सहल चालवते. सहल झाली तरी प्रवेशाचे नियम तेच लागू होतात, एवढं विसरू नका.

सामानसुमान

चेक-इन करताना बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी कोड असतो. तो शेवटच्या विमानतळाचा असेल तर बॅग थेट जाईल. मधल्या शहराचा असेल तर तिथे सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून उचलावी लागेल. अमेरिकेत मात्र पट्टी शेवटपर्यंतची असली तरी सहसा पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन कस्टमनंतर पुन्हा सोडावी लागते.

दोन वेगळी तिकिटं असतील तर खरी अडचण पुढे येते. बॅग हातात येते, पण पुढच्या कंपनीचा काउंटर बऱ्याचदा विमानाच्या तीनच तास आधी उघडतो, तोवर ती कुणी घेत नाही. अशा वेळी सामान ठेवायची जागा विमानतळावर आहे का आणि ती किती वाजता बंद होते, हे घरूनच बघून ठेवा. बॅग ओढत फिरायचा विचार सोडा, मोठी संग्रहालयंही आत घेत नाहीत. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ५५ × ३५ × २० सेंमीपेक्षा मोठी बॅग चालत नाही.

हातातल्या सामानाचंही सांगते. पहिल्या विमानतळावर अत्तराच्या वगैरे १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटल्या घेऊ नका. बाहेर जाऊन परत आलात की पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि बाटली तिथेच राहू शकते.

रुळावरची

तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, विमानतळाचं नाव वाचा. टोकियोचं हानेदा शहराला लागून आहे, नारिता मात्र साठेक किलोमीटर लांब. नारिताला उतरून पाच-सहा तासांत टोकियो बघायचा हट्ट नको, नारिता गावातलं नारितासान मंदिर जवळ आहे आणि तेही बघण्यासारखं आहे. ॲमस्टरडॅमला याच्या उलट. तिथल्या स्किपोल विमानतळाचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच, गाडी पंधरा-वीस मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात, तिथून कालवे चालत.

परतीला टॅक्सी नको, रेल्वे घ्या. टॅक्सी जाताना चाळीस मिनिटं घेते आणि संध्याकाळी येताना दीड तास घेऊ शकते. रेल्वेचा वेळ सहसा एवढा बदलत नाही. मात्र शेवटची गाडी किती वाजता, ते आधीच लिहून ठेवा. लंडनच्या हीथ्रोला पिकॅडिली लाइन रात्रभर चालते ती फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. विमानतळावरून निघतानाच परतीच्या फलाटाचा आणि टर्मिनलच्या नावाचा फोटो काढून ठेवा.

एकच_ठिकाण

तीन तासांत पाच ठिकाणं बघायला गेलं की तीन तास रस्त्यात जातात. एक परिसर निवडा, जो विमानतळाच्या गाडीच्या थांब्यापासून पायी गाठता येईल, आणि तिथेच फिरा. जुना चौक, नदीकाठ, मंडई, बाग हे उत्तम, कारण तिथे तिकिटाची रांग नसते आणि हवं तेव्हा निघता येतं. संग्रहालयच बघायचं असेल तर वेळेचं तिकीट आधी घ्या आणि सुट्टीचा वार बघा: पॅरिसचं लूव्हर मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी, इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा मंगळवारी.

पहिलं विमान उशिरा आलं तर योजना आक्रसवायला जागा ठेवा. तासभर उशीर झाला तर जवळचा पर्याय, दोन तास झाला तर विमानतळावरच थांबायचं, हे उतरण्याआधीच ठरलेलं असावं. रांगेत उभं राहून हा निर्णय नीट होत नाही.

तिकीटघर

वर वेगळ्या तिकिटांचा विषय निघाला म्हणून पुन्हा लिहिते. दोन तिकिटं स्वतंत्र असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. आणि एकाच तिकिटावर असताना शहर आवडलं म्हणून पुढचं विमान सोडलंत तर त्यापुढचे सगळे टप्पे, परतीचासुद्धा, सहसा रद्द होतात. राहायचंच असेल तर विमान सुटण्याआधी कंपनीला सांगून तारीख बदलून घ्या.